पाळी जायच्या आधीची वर्षं : खुणा कशा ओळखायच्या, तारखा कशा मांडायच्या

पाळी आठ दिवस आधी आली. पुढच्या महिन्यात बारा दिवस लांबली. रात्री तीनला उघडलेला डोळा पुन्हा लागत नाही, आणि पोळ्या लाटता लाटता छातीपासून कानशिलांपर्यंत अशी वाफ चढते की गॅस बारीक करून पंख्याखाली जाऊन उभं राहावं लागतं. घरात सांगितलं की सल्ले तयारच असतात. उष्णता वाढलीय, सब्जा घे. थायरॉइड बघून घे. टेन्शन घेऊ नकोस. चाळिशी आली, आता हे चालायचंच.

अडचण अशी की यातला प्रत्येक सल्ला कुणा ना कुणा बाईच्या बाबतीत खरा निघतो. म्हणून चुकाही दोन बाजूंनी होतात. काही जणी सगळंच वयाच्या खात्यावर टाकतात आणि अंगावरून जास्त जाण्यामागचा खरा आजार वर्षभर तसाच राहतो. काही जणी वयाबरोबर होणाऱ्या बदलालाच आजार समजून तपासण्यांमागून तपासण्या करतात आणि शेवटी ‘पिशवी काढून टाका’ या सल्ल्यापर्यंत पोचतात.

पाळी कायमची जाण्याआधीच्या या काळाला वैद्यकात पेरिमेनोपॉज म्हणतात. एक रक्त तपासलं आणि कळलं, असं त्याचं नसतं. तो ओळखायचा असतो तारखांवरून, आणि त्या तारखा डॉक्टरांकडे नसतात, तुमच्याकडे असतात.

नेमकं काय बदलतं

रजोनिवृत्ती झाली हे मागे वळून पाहिल्यावरच कळतं. सलग १२ महिने पाळी आली नाही, की शेवटची पाळी ती रजोनिवृत्तीची तारीख. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी ५१ व्या वर्षी होतं. भारतीय स्त्रियांमध्ये सरासरी ४६-४७ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे बदलाला चाळिशीच्या सुरुवातीलाच, काहींना अडतीस-एकोणचाळीसलाही सुरुवात होऊ शकते. परदेशी माहिती वाचून ‘मला अजून दहा वर्षं आहेत’ असा हिशोब केलेल्या बाईला त्रेचाळिसाव्या वर्षीच्या खुणा ओळखूच येत नाहीत. हा काळ साधारण चार वर्षांचा असतो. कुणाचा काही महिन्यांत आटपतो, कुणाचा आठ-दहा वर्षं चालतो.

या काळात इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं हार्मोन हळूहळू कमी होत जातं, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते हेलकावे खातं. अंडाशयातली बीजं कमी झाली की मेंदू त्यांना जोर लावून हाका मारतो. कधी अंडाशय त्याला वाजवीपेक्षा जास्त प्रतिसाद देतं, कधी देतच नाही. स्तन दुखणं, पोट फुगणं, जास्त रक्तस्राव या तक्रारी बहुधा इस्ट्रोजेन चढलेलं असताना येतात. वाफा आणि तुटलेली झोप ते एकदम उतरलं की. म्हणून एकाच बाईला एकाच महिन्यात दोन्ही प्रकारचा त्रास होतो आणि तिला वाटतं, आपल्याला दोन वेगळे आजार झालेत.

दुसरी गोष्ट प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची. ते तयार होतं बीज सुटल्यानंतर. ज्या महिन्यात बीजच सुटलं नाही, त्या महिन्यात गर्भाशयाच्या अस्तराला आवर घालणारं कुणी नसतं. अस्तर वाढत राहतं आणि मग तुकड्या-तुकड्यांनी सुटतं. उशिरा आलेली पाळी एकदम जोरात येण्याचं, दहा दिवस रेंगाळण्याचं कारण बहुतेकदा हेच. ‘साचलेलं रक्त बाहेर पडतंय, पडू दे’ असं वडीलधाऱ्या बायका सांगतात. पण आत रक्त साचलेलं नसतं. जे जातं ते अंगातलं ताजं रक्त असतं आणि त्याने हिमोग्लोबिन उतरतं.

पहिली पायरी : नोंद

मोबाइलचं अॅप चालेल, पण स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कालनिर्णय जास्त टिकतं असा अनुभव आहे. दुधाचा हिशोब रोज तिथेच लिहिला जातो, हात आपोआप तिकडे जातो. शिवाय आपल्याकडे कित्येक बायका पाळी तिथीवरून लक्षात ठेवतात: ‘मागच्या वेळी संकष्टीला आली होती.’ ही आठवण चांगली असते, फक्त ती इंग्रजी तारखेत उतरवून घ्यायला हवी, आणि कालनिर्णयावर दोन्ही शेजारी-शेजारी असतात. गेल्या सहा महिन्यांच्या तारखा आठवून मांडायच्या तर एकादशी, श्रावणी सोमवार, एखादं लग्न, प्रवास अशा खुणांचा आधार घ्या. अंदाजाने लिहिलेल्या तारखेपुढे प्रश्नचिन्ह घाला.

रोज लिहायचं फार नाही. पाळीच्या दिवशी तारखेभोवती गोल. त्या दिवशी किती पॅड लागले तो आकडा. गुठळ्या गेल्या तर ‘गु’. नुसता डाग असेल तर गोल न करता ठिपका. वाफ आली तर ‘वा’ आणि दिवसाला किती वेळा. झोप मोडली तर ‘झो’. जी गोळी घेतली तिचं नाव. घरातल्या कुणी वाचू नये असं वाटत असेल तर खुणा आपल्या आपण ठरवा, पण पहिल्या पानावर त्यांचा अर्थ लिहून ठेवा. चार महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही. निदान तीन महिने, जमलं तर सहा.

या नोंदीचा सगळ्यात जास्त घोळ करणारी एक गोष्ट आपल्याकडे सर्रास होते: गौरी-गणपती, नवरात्र, लग्नकार्य किंवा देवदर्शनासाठी पाळी लांबवण्याच्या गोळ्या. त्यात नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन असतं. गोळ्या थांबवल्या की साधारण दोन-तीन दिवसांत स्राव सुरू होतो. तो औषध काढल्यामुळे आलेला असतो, स्वतःच्या लयीने आलेला नसतो. भाद्रपदात गोळ्या घेतल्या आणि आश्विनात पुन्हा घेतल्या, तर त्या दोन-तीन महिन्यांच्या तारखांवरून काहीही निष्कर्ष काढू नका. त्या पाळ्यांवर फुली मारा आणि पुढच्या आपोआप आलेल्या पाळीपासून मोजणी सुरू करा. चाळिशीनंतर या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊच नयेत. ज्यांना पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली आहे त्यांच्यासाठी त्या धोक्याच्या आहेत, आणि अनियमित स्रावाचं मूळ कारण त्यांच्याआड झाकून जातं.

दुसरी पायरी : अंतर मोजा

अंतर मोजायचं ते या पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. बऱ्याच जणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि ‘माझी बावीस दिवसांनीच येते’ म्हणून घाबरतात; प्रत्यक्षात ती सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी येत असते. पहिला दिवस म्हणजे पॅड लावावा लागला तो दिवस. आधीचे दोन दिवस नुसते डाग दिसले असतील तर ते धरायचे नाहीत.

समजा एका वर्षी पाळी ४ जानेवारी, १ फेब्रुवारी, २२ फेब्रुवारी, २६ मार्च आणि २३ एप्रिल या दिवशी आली. लीप वर्ष नसेल तर अंतरं होतात २८, २१, ३२ आणि २८ दिवस. आता लागोपाठच्या दोन अंतरांमधला फरक काढा: ७, ११, ४. वैद्यकात जगभर वापरला जाणारा निकष असा की लागोपाठच्या दोन अंतरांत ७ किंवा जास्त दिवसांचा फरक पडला, आणि दहा पाळ्यांच्या आत तसा फरक पुन्हा दिसला, की संक्रमणाचा, म्हणजे पाळी जाण्याकडच्या वाटचालीचा, पहिला टप्पा सुरू झाला असं धरायचं. वरच्या उदाहरणात फरक दोनदा ७ च्या घरात किंवा पुढे गेलाय, म्हणजे निकष पूर्ण झाला. एकदाच पडलेला फरक मोजायचा नाही; ताप, प्रवास, घरातलं आजारपण, उपास यांनीही पाळी एखादी हलते.

दुसरा टप्पा ओळखायला सोपा. दोन पाळ्यांमध्ये ६० दिवस किंवा त्याहून जास्त खंड पडला की तो सुरू झाला. वाफा बहुतेक जणींना याच टप्प्यात जास्त सतावतात. इथून शेवटची पाळी साधारण एक ते तीन वर्षांवर असते.

पुष्कळ जणींना यातलं काही दिसण्याआधीच पाळीचं अंतर किंचित आखडतं: ३० दिवसांची पाळी २६ दिवसांवर येते आणि तिथेच राहते. ही खूण इतकी सौम्य असते की तारखा मांडल्याशिवाय ती नजरेला पडत नाही.

हा हिशोब काहींना लागू पडत नाही. ज्यांची पाळी पीसीओडीमुळे पहिल्यापासूनच अनियमित आहे, ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात, ज्यांच्या गर्भाशयात हार्मोन सोडणारं साधन बसवलेलं आहे, आणि ज्यांची पिशवी काढलेली आहे, त्यांनी तारखांवर विसंबू नये. पुढे दिलेल्या इतर खुणांकडे पाहावं. साधी तांबी पाळीची तारीख हलवत नाही, फक्त स्राव वाढवू शकते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनेही अंतर बदलत नाही. ‘ऑपरेशन लवकर झालं म्हणून पाळी लवकर चालली’ हे गावोगाव ऐकू येतं, पण त्या शस्त्रक्रियेत फक्त नळ्या बंद करतात. अंडाशय जसंच्या तसं राहतं.

पिशवी काढलेल्या बायकांबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न छोटा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऐन तिशीत पिशवी गेलेल्या बाईला पाळीची खूण उरत नाही. अंडाशय ठेवले असतील तर संक्रमण होतंच, काहींना थोडं लवकरही, फक्त ते दिसत नाही. अंडाशयही काढले असतील तर रजोनिवृत्ती शस्त्रक्रियेच्या दिवशीच झाली आणि वाफा काही दिवसांतच सुरू होतात. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद शोधा आणि अंडाशय ठेवले की काढले हे डॉक्टरांकडून वाचून घ्या. काढले असतील आणि वय ४५ च्या आत असेल तर हाडं आणि हृदयासाठी हार्मोन घ्यायचे का, हे स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारायलाच हवं.

तिसरी पायरी : किती जातंय ते मोजा

‘खूप जातं’ याने डॉक्टरांना काही कळत नाही, आकडा लागतो. एका पाळीत मिळून ८० मिलिलिटरपेक्षा जास्त गेलं तर ते जास्त, अशी जुनी व्याख्या आहे. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांना हे मोजता येतं. बहुतेक कपांत २५ ते ३० मिलिलिटर मावतं आणि आत रेघा असतात. बाकीच्यांनी पॅड मोजावेत, आणि पूर्ण भिजलेला की अर्धा, तेही लिहावं. स्वच्छतेसाठी दर चार तासांनी बदललेला कोरडा पॅड हिशोबात आला की आकडा फसवा होतो. कापड वापरत असाल तर घड्या मोजा.

गुठळीच्या आकारासाठी दहा रुपयांचं नाणं डोळ्यापुढे ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर. तेवढ्या किंवा त्याहून मोठ्या गुठळ्या जात असतील तर स्राव नक्कीच जास्त आहे. रात्री पॅड बदलायला उठावं लागणं, एकावर एक दोन पॅड लावावे लागणं, दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसायचं म्हणून घरून न निघणं ही मापंही तितकीच खरी आहेत. ती सांगताना लाजू नका.

चौथी पायरी : बाकीच्या खुणा

वाफ ओळखता आली पाहिजे, कारण तिला घाम, ताप, धडधड अशी अनेक नावं पडतात. खरी वाफ छातीतून किंवा गळ्यातून उठते, मान आणि चेहऱ्यावर जाते, एक ते पाच मिनिटं राहते, घाम फुटतो आणि मागोमाग अंगावर शहारा येऊन थंडी वाजते. सोबत धडधडही होते. थर्मामीटर लावला तर ताप नसतो. मेंदूत शरीराचं तापमान राखणारं केंद्र असतं. एरवी ते थोड्याफार फरकाकडे दुर्लक्ष करतं. इस्ट्रोजेन घसरलं की ते अतिसावध होतं आणि अर्ध्या अंशाच्या फरकालाही उकाडा समजून घाम सोडतं. म्हणूनच गरम चहा, तिखट रस्सा, बंद खोली, जाड गाऊन एवढं कारण पुरतं. सब्जा-गुलकंदाने थंड वाटेल, त्यात वाईट काही नाही, पण पोटातल्या उष्णतेशी याचा संबंध नाही.

झोपेची खूण पुष्कळदा वाफांच्याही आधी येते. झोप लागते, पण दोन-तीनला मोडते. नीट पाहिलं तर कित्येकदा त्याआधी हलकी वाफ येऊन गेलेली असते. मानेखाली उशी ओलसर लागते. याच्या जोडीला मोठं घोरणं आणि दिवसा पेंग येत असेल तर श्वास अडकण्याचा आजार तपासावा. चाळिशीनंतर बायकांमध्ये तो वाढतो आणि ‘बाई घोरते’ हे सांगायला घरचे कचरतात.

मनाच्या खुणांबाबत फार हयगय होते. क्षुल्लक कारणावरून डोळे भरून येणं, आवाज चढणं, समोरच्या माणसाचं नाव न आठवणं, कपाट उघडून कशासाठी आलो ते विसरणं, हे सगळं या काळात होतं आणि बहुतेकांचं नंतर निवळतं. हा विसराळूपणा स्मृतिभ्रंशाची सुरुवात नव्हे. मात्र सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नाही, भूक मेली आहे, जगण्याचा कंटाळा आलाय असं होत असेल तर ते नैराश्य, आणि या वर्षांत त्याची शक्यता खरोखरच वाढते. ज्यांना बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी असा त्रास झाला होता त्यांना जास्त. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.

सांधे सकाळी आखडणं, बोटं दुखणं, खांदा जाम होऊन मागे हात न जाणं यांचा संबंध पाळीशी असू शकतो, हे कुणाच्या मनात येत नाही. खांदा जाम होण्याचं वय नेमकं ४० ते ६० आहे, आणि मधुमेह असेल तर शक्यता आणखी वाढते. म्हणून खांदा धरला की साखरही तपासा.

योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला घाई होणं, वारंवार जळजळ या तक्रारी उशिरा सुरू होतात, पण वाफांसारख्या आपोआप जात नाहीत. उपचार न केल्यास वाढतात. जागेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या क्रीमने त्या बऱ्या होतात. वर्षातून तीन-चारदा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी अँटिबायोटिक घेणाऱ्या बाईने हे जरूर विचारावं. केस विरळ होणं, कातडी कोरडी पडणं, पोटाचा घेर वाढणं, पाळीच्या आधीची अर्धशिशी जोर धरणं हेही यात येतं, पण एकट्या या खुणांवरून काही ठरवता येत नाही.

पाचवी पायरी : दुसरं काही नाही ना

सगळ्यात आधी गर्भधारणा. पाळी चुकली म्हणजे ‘जायला लागली’ असं धरून चाललेल्या बेचाळीस वर्षांच्या बाईला दिवस गेलेले असू शकतात. मेडिकलमधलं किट आणा, सकाळच्या पहिल्या लघवीने तपासा, शंका वाटली तर आठवड्याने पुन्हा. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असली तरी शक्यता शून्य नसते.

थायरॉइडचं सोंग सगळ्यात हुबेहूब. तो मंदावला तर थकवा, वजन, बद्धकोष्ठ, जास्त स्राव; जोरात चालला तर घाम, धडधड, झोप जाणं. खूण एवढीच की मंदावलेल्या थायरॉइडमध्ये थंडी सहन होत नाही, वाफा येत नाहीत. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी केल्याशिवाय हे सुटत नाही. केसांसाठी बायोटिन असलेल्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि तसं सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकतात.

रक्तक्षयही असाच लपतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये तो आढळला. जिना चढताना दम, धडधड, गळणारे केस, चिडचिड हे सगळं लोहाच्या कमतरतेने होतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय. पण १२ च्या वर असूनही फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, ३० च्या खाली असेल तर साठा आटत आलाय असं बहुतेक डॉक्टर मानतात. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही. मध्ये दोन तास जाऊ द्या.

रात्री घाम येतोय, पण सोबत संध्याकाळचा ताप, घटतं वजन, दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर आधी क्षयरोग तपासा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना थरथर, भूक आणि घाम एकदम आला आणि साखर खाल्ल्यावर थांबला तर ती वाफ नव्हे, साखर उतरली होती. आणि घामाबरोबर छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, धाप असेल तर वाट न पाहता इसीजी असलेल्या दवाखान्यात जा. बायकांच्या हृदयविकाराला ‘गॅस’ आणि ‘पाळीचं वय’ ही दोन कारणं लावून फार वेळ दवडला जातो.

या खुणा दिसल्या तर नोंद नको, डॉक्टर

तासाला एक पूर्ण पॅड भिजतोय आणि असं दोन तासांहून जास्त चाललंय, चक्कर येते, उभं राहवत नाही: त्याच दिवशी, रात्र असली तरी. स्राव आठ दिवसांपुढे लांबतोय, २१ दिवसांच्या आत पाळी पुन्हा पुन्हा येतेय, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसतंय, दुर्गंधी असलेलं पाणी जातंय: त्याच आठवड्यात. वय चाळिशीच्या आत असून तीन-चार महिने पाळी नाही: याला वयाचा भाग म्हणता येत नाही, अंडाशय वेळेआधी थकले का, हे तपासावंच लागतं. आणि १२ महिने पाळी बंद राहिल्यानंतर एक डाग जरी दिसला तरी दाखवायचं. पाळी ‘परत आली’ असं होत नसतं. बहुतेकींमध्ये कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग याच खुणेने लवकर सापडतो.

तपासण्या आणि डॉक्टरांकडची भेट

वय ४५ च्या पुढे असेल, तारखा हलल्या असतील आणि वाफा येत असतील, तर निदान झालेलं आहे. एफएसएच या, मेंदूकडून अंडाशयाला हाक घालणाऱ्या हार्मोनच्या तपासणीची गरज नाही. पॅकेजमध्ये आहे म्हणून ती केली जाते आणि गोंधळ वाढतो. हे हार्मोन आज ४० आणि पुढच्या महिन्यात ८ येऊ शकतं, कारण त्या महिन्यात अंडाशय पुन्हा चाललं. ‘एफएसएच नॉर्मल, म्हणजे तुम्हाला काही नाही’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं. चाळिशीच्या आत मात्र तीच तपासणी महत्त्वाची ठरते.

पैसे खर्च करायचेच तर सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी), फेरिटिन, टीएसएच, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांवर करा. फक्त शाकाहार असेल तर बी१२ही. लोह कमी असताना एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) खोटंच जास्त दिसू शकतं, म्हणून उपाशीपोटीची साखरही बघा. रक्तदाब, साखर आणि गर्भाशयमुखाची तपासणी तिशीपुढच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. गावातल्या आशाताईंना विचारा.

सोनोग्राफी स्राव थांबल्यावर लगेच केलेली चांगली. पाळी यायच्या आधी अस्तर मुळातच जाड असतं आणि रिपोर्टमधला आकडा उगाच घाबरवतो. रिपोर्टमधला ‘बल्की यूटेरस’ हा शब्द वाचून पुष्कळ जणींची झोप उडते. त्याचा अर्थ पिशवी थोडी मोठी, एवढाच. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची ती असतेच. लहान, नुसत्या पाण्याची अंडाशयाची गाठ या वयात येते-जाते. बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून पाहतात. गर्भाशयात गाठ किंवा पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब) दिसला, किंवा ४५ च्या पुढे अनियमित जास्त स्राव चालू असेल, तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला सांगतात. तो सल्ला टाळू नका. शस्त्रक्रिया करायची की नाही याचा निर्णय त्या रिपोर्टनंतरच होऊ शकतो.

डॉक्टरांपुढे कालनिर्णयाची पानं ठेवा आणि तीन वाक्यांत सांगा: गेल्या सहा पाळ्यांची अंतरं, सगळ्यात जास्त स्रावाच्या दिवशीचे पॅड, आणि सगळ्यात जास्त सतावणारी एक गोष्ट. चालू औषधं आणि आई, मावशी, बहिणीचा स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग हे न विचारता सांगा. आईची पाळी कोणत्या वर्षी गेली हेही विचारून या. मुलीची साधारण त्याच सुमाराला जाते.

पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर विचारा: नेमका आजार कोणता? तुकड्याचा रिपोर्ट कुठे आहे? औषधांनी किंवा मिरेनासारख्या, गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाने स्राव कमी होईल का? अंडाशय ठेवणार का? ‘पुढे कॅन्सर होईल’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. खूप मोठी गाठ, न आवरणारा स्राव, कर्करोग अशा ठिकाणी शस्त्रक्रिया जीव वाचवते, हेही तितकंच खरं.

वाफा आणि झोप फार छळत असेल तर हार्मोनचे उपचार आहेत. साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत सुरू केले तर बहुतेक निरोगी बायकांमध्ये फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तर वाढतं. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गाठ, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका झालेला असेल, किंवा स्रावाचं कारण सापडलेलं नसेल, तर ते देत नाहीत. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत.

बारा महिने मोजताना

खंड वाढत गेला की मोजणी सुरू करा. अकराव्या महिन्यात पाळी आली तर पुन्हा एकपासून. हे दोन-तीनदा होतं आणि वैताग येतो, पण तारीख चुकवू नका, कारण गर्भनिरोधन कधी थांबवायचं हे तिच्यावर ठरतं: शेवटची पाळी पन्नाशीच्या आत झाली असेल तर पुढे दोन वर्षं, पन्नाशीनंतर झाली असेल तर एक वर्ष काळजी घ्यायची. शेवटच्या पाळीची तारीख नक्की झाली की ती कॅलेंडरवर न ठेवता दवाखान्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. कॅलेंडर डिसेंबरनंतर रद्दीत जातं. आणि हाडांची तपासणी कधी करायची, हार्मोन अजून सुरू करता येतील का, दिसलेला डाग साधा की तपासण्याजोगा, हे पुढचा प्रत्येक डॉक्टर त्याच तारखेपासून मोजतो.